दातांनी ऐकलेला सूर

"वरचे दात टेकव. खालचा ओठ गादीसारखा दे. अन् घाई नोको करू बाबू, आधी दम भर."

गोंदियाच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये बँड शिकवणाऱ्या तेजराम मास्तरांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. आमचं क्वार्टर इन्स्टिट्यूटच्या अगदी मागे. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावत असले, की खिडकीतून मास्तरांची ही शिकवण यायची आणि पाठोपाठ एक सूर. बाकीच्या क्लॅरिनेटसारखा उंच नव्हे. खालच्या पट्टीतला, भरलेला, कुणी मनाशी बोलावं तसा. ते आल्टो क्लॅरिनेट होतं. लांब अंग, वाकडी चांदीसारखी मान आणि खालचं तोंड वर वळलेलं. बँडातली पोरं त्याला 'हुक्का' म्हणायची. वाजवणाऱ्याला मी पाहिलं नव्हतं, सूर तेवढा ओळखीचा होता. पुढे त्याच शेषरावांशी माझं लग्न ठरलं, तेव्हा मी देवाला वेगळं काही मागितलं नाही.

बँड मोडला. बाकीची वाद्यं लग्नाच्या बँडवाल्यांनी नेली. हुक्का कुणी घेईना, कारण वरातीच्या गोंगाटात त्याचा आवाज पोचत नाही. तो आमच्याकडे राहिला आणि भिलाईला आलो तेव्हा गादीच्या वळकटीत गुंडाळून आमच्याबरोबर आला.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात ह्यांना चिपिंगचं काम लागलं. हवेच्या हातोड्यानं लोखंडाच्या जोडावरचा उंचवटा छिलून काढायचा. पुष्कळदा भट्टीकडे जाणाऱ्या मोठ्या नळाच्या पोटात बसून. मी म्हणायची, "कानात कापूस तरी घालत जा."

"कापसानं काय होते वं? तो आवाज कानातून थोडाच येते. हाडातून येते."

आधी कारखान्याच्या भोंग्यानं ह्यांना जाग येईनाशी झाली. मग माझी हाक पोचेना. नस गेली, आता इलाज नाही, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. ह्यांना मी ते खुणेनं सांगितलं.

सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन धरायचं, हा माझा नेम माहेरापासूनचा. ह्यांची साप्ताहिक सुटीही सोमवारीच आली. हे हसून म्हणत, "सोमवार बरा. तू मुकी, मी भयरा. कोनाचं कोनावर चढत नाही."

वाजवणं मात्र सुटलं नव्हतं. सेक्टरच्या कडेला पत्र्याचा मंडप घालून आमच्या विदर्भाकडच्या माणसांनी विठ्ठल बसवला होता. तिथल्या भजनात आणि कार्तिकातल्या काकड्याला हुक्का असायचाच. बोटांना सवय होती. ऐकू न येताही वाजत होतं. पण त्या वर्षी माउथपीस, म्हणजे दातांत धरून फुंकायचं टोक, तडकला. दसऱ्याच्या भजनात एका संथ जागी तो असा चिरकला, की टाळ थांबले. ह्यांना काहीच कळलं नाही. डोळे मिटून हे वाजवत राहिले आणि तो पुन्हा पुन्हा चिरकत राहिला.

"भाऊचा हुक्का आज पेटून नाही राहिला वाटते!" बायांतली गयाबाई म्हणाली. बाया पदराआड हसल्या. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी रामाजी आमच्या ओट्यावर येऊन बसले. भजनी मंडळाची पेटी तेच वाजवत.

"वैनी, वाईट नोका वाटून घेऊ. काकडा देवाचा हाये. आवंदा शेषरावले टाळ देऊ हाती."

"मंग तुमीच सांगा नं भाऊजी त्यायले."

"मले नाही जमत. त्याचं तोंड पायलं का माह्यी जीभच उचलत नाही."

"माउथपीस फुटला हाये. नवा घेतो आमी. सुधरंल."

रामाजी उठून चपला घालू लागले. "कार्तिक लागायच्या आधी घ्या. नाही त टाळच."

तेजराम मास्तरांचा पुतण्या देवीदास नागपुरात बँडची वाद्यं दुरुस्त करायचा. पुढच्याच सोमवारी आम्ही सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. गाडीत एक बाई मला काही विचारत होती. मी ओठांवर बोट ठेवलं. तिनं ह्यांना विचारलं. ह्यांनी कानावर हात ठेवला. बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली. हे खिडकीकडे तोंड करून बराच वेळ हसत होते.

देवीदासनं ट्रंक उपसली. "आल्टोचे आता कोठी भेटत नाहीत काकू. दोनच हायेत पाहा."

एक पितळी होता, वर चकचकीत मुलामा चढवलेला. त्याचं टोक आणि त्यावर बांधायची वेताची पत्ती यांच्यातली फट रुंद होती. दुसरा एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, काळा, जुना. कुणाच्या तरी दातांनी वरती झिजलेला. दोन्ही घेण्यासारखी आमची परिस्थिती नव्हती.

ह्यांनी आधी पितळी बसवला. दात टेकवले, ओठ दिला, दम भरला.

आवाज असा फाटला, की बाहेरचा सायकलवाला वळून बघायला लागला. देवीदासनं डोळे बारीक केले. मी पदराचं टोक मुठीत धरलं. पण ह्यांच्या तोंडावर... ते मी कसं सांगू? हे थांबले. जबड्याला हात लावला. पुन्हा फुंकलं.

"नलू! आयकू येऊन राहिलं वं! दातातून येते. डोक्यात घुमून राहिलं... हे पाय, हा खालचा सा. हा माहाच हाये!"

किती वर्षांनी ह्यांनी स्वतःला ऐकलं! एकच सूर वर-खाली करत हे वाजवत बसले, लहान मूल दिव्याची कळ उघडझाप करतं तसे. हाडातून कान नेणारा तो हातोडा मला आठवला. हाडाच्याच वाटेनं आज थोडंसं परत आलं होतं.

मग देवीदासनं काळा पुढे केला. ह्यांनी नाइलाजानंच बसवला.

आणि गोंदियाची खिडकी उघडली. तोच सूर. मी दिवा लावते आहे, वात अजून धरायची आहे, आणि भिंतीपलीकडे कुणीतरी मनाशी बोलतं आहे. देवीदास हातातलं काम सोडून उभा राहिला.

मधेच हे थांबले. "हे त मुकं हाये. दाताले काईच लागत नाही. वाजलं का?"

देवीदासनं माझ्याकडे पाहिलं.

हे म्हणाले, "नलू, मले काय आवडते ते सोड. देवापुढे कोनतं? तुह्या कानानं घेतो."

मी पितळीकडे बोट केलं.

हे माझ्याकडे पाहत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मी भयरा हावो, आंधळा नाही. काळं वाजवत होतो तवा तुह्या डोयात पानी आलं. पितळीच्या वक्ती तू पदर पिळून राहिली होती. कावून लपवतं?"

सोमवारचं मौन अजून सुटायचं होतं. ह्यांनी पितळी उचलला, नुसताच दातांत धरला आणि नखानं एकदा टिचकी मारली. तेवढं ऐकून घेतलं आणि देवीदासच्या हातात दिला.

"काळं बांध गा."

हे वाद्य घेऊन पायरी उतरले. मी मागे राहिले. देवीदास पितळी फडक्यात गुंडाळत होता.

"काकू, हा मी कोनाले देत नाही. पन भंगारवाला नेहमी येते, अन् मालकाले जागा पायजे. कार्तिक संपेपर्यंत ठेवतो. याल नं?"

मी त्या फडक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. बोलून दिलेला शब्द एखादे वेळी विसरतो माणूस. हा कसा विसरावा?

काकडा सुरू झाला. मी ह्यांच्या समोरच बसायची. पत्ती ओलावून सूर घसरला, की मी कानाच्या पाळीला हात लावी आणि हे ओठ सावरून घेत. पहिल्याच दिवशी भूपाळी संपली तरी रामाजींची बोटं पेटीवर तशीच होती. गयाबाई ह्यांच्यासमोर येऊन, ओठ दिसतील असं मोठ्यानं म्हणाली, "भाऊ, आज हुक्का पेटला बरं!" सगळे हसले. ह्यांनी तिला हात जोडले.

घरी येताना रोज विचारत, "कसं झालं?" मी छातीवर हात ठेवी.

"मंग ठीक हाये," म्हणत आणि पुढे चालू लागत.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मात्र जबड्यावर बोट ठेवून म्हणाले, "नागपूरचं ते अजून इथे हाये. जेवताना कधी कधी वाटते, आता वाजते का काय." आणि लगेच पोळीचा तुकडा मोडला.

पौर्णिमा झाली. काकड्याचा प्रसाद वाटून झाला. दुसऱ्या दिवशी ह्यांची दुपारची पाळी होती. सकाळी पूजा आटोपून मी आईनं दिलेले चांदीचे तोडे पेटीतून काढले, देवापुढे ठेवून उचलले आणि मोडायला म्हणून पदरात बांधले. नागपूरला मी कधी एकटी गेले नव्हते.

हे पायरीवर बसून वाजवत होते. डोळे मिटलेले. मी पुढे जाऊन खांद्याला हात लावला आणि येते म्हणून खूण केली. देवळात निघाली असेल, असं वाटून ह्यांनी मान डोलावली. वाजवणं थांबवलं नाही.

रस्त्यावर दव होतं. तो सूर माझ्यामागे रेल्वे फाटकापर्यंत आला. ह्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, आणि मी सगळं घेऊन चालले होते. फाटकापुढे कारखान्याचा आवाज सुरू होतो. तिथे मी क्षणभर थांबले. मग पदराची गाठ चाचपली आणि स्टेशनच्या वाटेला लागले.