पिल्लांच्या खोलीतली ओल

वच्छलाला सून म्हणून आणून सहा वर्षं झाली होती आणि पाळणा काही हलला नव्हता. माझ्या भावाला, सांडूला, मी शब्द देऊन बसले होते की तुझी पोरगी बन्सीला दुसरी करून घेते. बन्सी माझा एकुलता एक. त्याला विचारलं तर म्हणाला, "तू म्हणशील तसं, आई." पोरगा गुणी आहे, पाठीचा कणा तेवढा द्यायचा राहिला.

वच्छलाच ऐकेना. गुरांच्या दवाखान्यातून बायकांना कोंबडीची पिल्लं वाटत होते, तिथून ती शंभर घेऊन आली आणि माझ्या पाया पडली. "आत्या, एक महिना द्या. ही जगवून दाखवते. मग तरी सवत आणू नका."

"ऐंशी जगली तर नाय आणत," मी म्हटलं. शेजारच्या चार बायकांदेखत म्हटलं. मला वाटलं, हिच्या हाताला कुठलं आलंय यश.

मागची खोली तिनं पिल्लांना दिली. आधी खाली वर्तमानपत्रं अंथरली. औरंगाबादहून आलेल्या गुरांच्या डॉक्टरनं ती काढायला लावली. म्हणे, कागदावर पाय घसरून फाकतात, मग पिल्लू उठत नाही. तिनं लाकडाचा भुसा आणला, तर म्हणे तो पिल्लं दाणा समजून खातात. शेवटी भुईमुगाची टरफलं ठरली, चार बोटं जाड. "रोज खालवर करा, ओलं झालेलं काढून टाका," डॉक्टर म्हणाला. "ओल म्हणजे मरण. आणि दिव्याखाली पिल्लं गोळा झाली तर समजा थंडी वाजतीय." हे सगळं मी दाराआड उभी राहून ऐकलं.

बाई दिवसातून चारदा गुडघ्यावर बसून टरफलांत हात घालून बघायची. पंधराव्या दिवशी सत्त्याण्णव पिल्लं टुणटुणीत होती. सांडूला काय तोंड दाखवणार होते मी?

नागपंचमी दोन दिवसांवर होती. मी म्हटलं, "सगळं घर सारवलं, ती एक खोली सणाला पारोशी ठेवती का?"

"आत्या, वल चालत नाय तिथं. पिल्लं मरतील."

"मग नागोबाला पण डाक्टरचं ऐकायला सांग."

तिनं बन्सीकडं पाहिलं. तो भाकरी खात होता. खालमानेनं म्हणाला, "आई म्हणती तर सारव की."

टरफलं मीच उकिरड्यावर टाकली. ती शेणाचा हात पातळ फिरवत होती. खपल्या निघतील म्हणत मी शेणपाण्याच्या आणखी दोन बादल्या ओतायला लावल्या. श्रावणातलं आभाळ, ऊन कुठलं? संध्याकाळी सगळी पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढली. खालची चिरडली. पाचव्या दिवशी बाकीच्यांच्या विष्ठेत रक्त दिसलं. वच्छला एकेकाला पदरात धरून चोचीत पाणी सोडत बसायची आणि मी चुलीपाशी सणाचं पुरण खायचे. खोटं कशाला सांगू, गोड लागलं.

तिसाव्या दिवशी त्याच चार बायकांसमोर मी मोठ्यानं मोजली. एकेचाळीस.

वच्छला रडली नाही. माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून गेलीही नाही. एकेचाळीस पिल्लं घेऊन त्याच खोलीत राहिली, पुन्हा टरफलं अंथरून. माघात भाची सून होऊन आली. तिच्या लग्नात वच्छलानं सगळ्यांना वाढलं. मी म्हटलं, मोडली एकदाची.

पुढच्या दिवाळीनंतर भाची बाळंत झाली. मुलगा. सांडूची बायको वारलेली, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच. माझे गुडघे गेलेले, बन्सी शेतात, तेव्हा बाळंतिणीचं सगळं वच्छलाच्या अंगावर पडलं. बाळाला न्हाऊ घालते, शेक देते, खालचं अंथरूण बदलते. हात लई हलका आहे तिचा, कुणीही कबूल करेल.

पाचवीच्या दिवशी ती शेणाची बादली घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आत्या, बाळाची खोली मीच सारवते इथून पुढं. थंडीचे दिवस हायती, पण तुम्ही घाबरू नका. वल ऱ्हाऊ देत नाय मी."

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती हसत नव्हती, रागातही नव्हती. दाराआड उभं राहून मी काय ऐकलं होतं, ते तिला ठाऊक होतं.

आज महिना झाला. गुडघे दुखतात तरी दिवसातून चारदा मी त्या खोलीत खाली बसते आणि पाळण्याखालची जमीन तळहातानं चाचपते. वच्छला उंबऱ्यात उभी राहून बघते. जमीन अजून कोरडी आहे.