चौदावी सूचना

मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसले, तेव्हा मी एकच गोष्ट मनाशी पक्की केली होती. माझ्या शाळेतल्या कुठल्याही शिक्षकाला शाळेची बातमी बाहेरून कळणार नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझी बदली झाली होती, तेव्हा ती मला किराणा दुकानदारानं सांगितली. "बाई, आता साबण कुठून घेणार?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "का? तुमच्याकडूनच." तो इतका ओशाळला की त्यानं सुटे पैसे मोजताना माझ्याकडे पाहिलंच नाही. बदलीचा कागद दुसऱ्या दिवशी आला.

म्हणून सूचनावही. दर सोमवारी पहिल्या तासाआधी शिक्षकांच्या खोलीत मी ती उभ्याउभ्या वाचत असे. खुर्च्या ओढून बसलं की सभा होते, आणि सभा म्हटली की माणसांचे कान बंद होतात. शाळा उघडली की पहिल्या सूचनेला एक आकडा, मग दोन, मग तीन, वर्षभर ओळीनं. वाचून झालं की आमचे शिपाई, ज्यांना सगळी शाळा मामा म्हणे, वही घेऊन वर्गावर्गांत फिरत. तेरा शिक्षक, तेरा सह्या. जो सर्वांत जुना त्याची पहिली, जो नवा त्याची शेवटची.

यावरून माझी टिंगलही व्हायची. "मोठ्या बाईंना शिंक येणार असेल तरी सूचना निघेल," चित्रकलेचे सर म्हणायचे. "उद्या अकरा वाजता मी शिंकणार आहे, सर्वांनी नोंद घ्यावी."

सह्या सगळे करत, वाचत कुणी नसे. एका वर्षी मी मुद्दाम मध्येच लिहिलं होतं, 'ही ओळ वाचणाऱ्यास माझ्याकडून चहा.' चहा मागायला फक्त मामा आले, आणि त्यांची तर सहीही लागत नव्हती. तरी मी लिहीत राहिले. वर्गातही मी हेच करत आले. चाळीसातल्या दोघांनी ऐकलं तरी चाळिसांना सांगायचं.

त्या वर्षी शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. शुक्रवारी शाळा सुटल्यावर शिक्षण खात्याच्या कचेरीतून चिठ्ठी आली. पहिलीचा पट अठ्ठावन्न. दोन तुकड्या ठेवायच्या तर एकसष्ट मुलं हवीत. महिनाअखेरीला मोजणी. एकसष्ट भरली नाहीत तर पहिली 'ब' बंद, आणि सर्वांत नव्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत पाठवायचं. सर्वांत नव्या म्हणजे पहिली 'ब'च्या बाईच. चौथं वर्ष होतं त्यांचं.

मी तेव्हाच वही ओढली आणि लिहिलं: '१४. पहिली ब तुकडी बंद होण्याची शक्यता आहे. तीन मुले कमी आहेत. ओळखीपाळखीत कुणाचे मूल शाळेत घालायचे राहिले असल्यास मोजणीपूर्वी सर्वांनी चौकशी करावी.' त्याखाली नळाच्या तोटीबद्दल पंधरावी आणि वाचनालयाच्या वेळेबद्दल सोळावी. मग घरी गेले. तीन मुलं म्हणजे काही डोंगर नव्हे, असं वाटत होतं.

शनिवारी सकाळी कचेरीतल्या साहेबांचा फोन आला.

"बाई, शिक्षकांना बोलला नाहीत ना अजून?"

"सोमवारी सांगणार आहे."

"सांगू नका. आदेश निघेपर्यंत अक्षर काढू नका. गेल्या वर्षी एका शाळेत आधीच फुटलं. शिक्षकांनी कुठकुठची पोरं आणून नावं घातली, निम्मी दुसऱ्या शाळेच्या पटावर निघाली. तिथले मुख्याध्यापक अजून घरी बसलेत. चौकशी चालू आहे."

"आम्ही खोटी नावं घालणार नाही, साहेब."

"तुम्ही नाही हो घालणार. तुमच्या तेरा जणांची हमी देता?" मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचे निवृत्तीला किती महिने राहिले?"

"आठ."

"मग? आठ महिने गुण्यागोविंदानं काढा की."

साहेब वाईट माणूस नव्हते. ते वरच्यांना भीत होते आणि मी त्यांना भ्याले. इतकी साधी गोष्ट होती, पण ती मान्य करायला मला बरेच दिवस लागले.

वहीची पानं छापील आकड्यांची होती, फाडता येईनात. खाली पंधरा आणि सोळा लिहून झालेल्या. मी हस्तकलेच्या कपाटातून मुलांचा डिंक आणला, पांढऱ्या कागदाची पट्टी कापली आणि चौदाव्या सूचनेवर चिकटवली. सोमवारी तेरा वाचली आणि एका दमात पंधरावर गेले. कुणी काही विचारलं नाही. कुणी ऐकत नाही याचं आयुष्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

त्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत काहीतरी बदललं. मी आत गेले की बोलणं थांबे. गणिताचे सर खिडकीजवळची आपली खुर्ची कुणाला हात लावू देत नसत, ती त्यांनी 'ब'च्या बाईंना दिली. शिवणाच्या बाई डबा उघडला की आधी त्यांच्यापुढे धरू लागल्या. आपल्या शाळेत माणसं चांगली आहेत, एवढंच मला वाटलं.

बुधवारी 'ब'च्या बाई माझ्या खोलीत आल्या. हातात एक कागद, बोटांना खडू.

"मोठ्या बाई, खुंट्या हव्यात. एकोणतीस. दप्तरं अडकवायला."

"भिंतीला आहेत ना?"

"त्या मोठ्यांच्या उंचीच्या आहेत. माझी मुलं उड्या मारतात आणि दप्तर डोक्यावर पडतं. इथपर्यंत हव्यात." त्यांनी आपल्या कमरेशी हात धरला. "मामा म्हणाले, तुमची सही लागेल."

मी कागद पुढे ओढला. अजून आठ दिवस होते, तीन मुलं मिळालीही असती. आणि नाही म्हणायला कारण काय देणार होते? सही केली. त्या उभ्याच राहिल्या. माझ्या सहीकडे बघत होत्या.

"आणखी काही?"

"नाही," त्या म्हणाल्या. मग एकदम हसल्या. "ती माझी न बोलणारी आहे ना, ती आता हजेरीला बोट वर करते. डावं. आवाज नाही, पण बोट अगदी ताठ."

"घाई करू नका."

"छे! मी तिच्याकडे बघतसुद्धा नाही. फळ्याकडे तोंड करते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. बघतेय असं कळलं की बोट खाली."

गुरुवारी मामांनी खुंट्या ठोकल्या. आवाज माझ्या खोलीपर्यंत येत होता.

मुलं शोधायला मी एकटीच फिरले. शाळा सुटल्यावर, छत्री काखेत, जुन्या विद्यार्थ्यांच्या दारी. सगळे आदरानं आत बोलवत, चहा विचारत. "बाई, तुम्ही स्वतः आलात!" पण का आले ते सांगता येत नव्हतं, आणि कारणाशिवाय कोण आपलं मूल या शाळेतून त्या शाळेत हलवतं? एका आईनं सरळच विचारलं, "का हो बाई, शाळेला मुलं मिळेनात का?" मी म्हटलं, "तसं नाही." तिथंच विषय संपला. शेवटी बागेत काम करणाऱ्या एका माळ्याची मुलगी मिळाली. अजून कुठंच नाव घातलेलं नव्हतं. पट एकोणसाठ.

मोजणीला साहेब स्वतः आले. 'ब'च्या वर्गात त्यांनी हजेरीपट हातात घेतला आणि एकेक नाव पुकारलं. मुलं ओरडून "हजर!" म्हणत होती, एक जण तर दोनदा म्हणाला. मग एका नावाला उत्तर आलं नाही. साहेबांनी पेन उचललं.

"आहे ती, साहेब," 'ब'च्या बाई फळ्याकडे तोंड करूनच म्हणाल्या. "बोट वर आहे."

साहेबांनी बोट पाहिलं आणि खूण केली. वर्गाबाहेर आल्यावर मी म्हटलं, "दोनच कमी आहेत, साहेब. आणखी आठवडाभर मुदत मिळाली तर…"

"बाई, माझ्या हातात असतं तर मी मोजायलाच आलो नसतो."

सोमवारी सकाळी आदेश आला. बाईंनी त्याच दिवशी दुपारी बारापर्यंत नव्या शाळेत हजर व्हायचं होतं. मी शिक्षकांच्या खोलीत वही उघडली. तोपर्यंत आकडा सव्वीसवर गेला होता. सव्विसावी सूचना वाचली. सगळे खाली बघत होते. आश्चर्य कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

चित्रकलेच्या सरांनी घसा साफ केला. "बाई, तुमच्या वहीत इतक्या वर्षांत कधी पट्टी चिकटवलेली पाहिली नव्हती. मी खिडकीशी धरून बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं."

ज्यांनी कधी एक ओळ वाचली नाही, त्यांनी झाकलेली तेवढी वाचली होती.

"मग कुणी बोललात का नाही?"

"काय बोलणार? तुम्हीच झाकलंत म्हणजे ठरलेलंच असणार. 'पहिली ब तुकडी बंद' एवढंच दिसत होतं. पुढं डिंक इतका जाड होता की नुसता पिवळा डाग."

"पुढं काय होतं?" शिवणाच्या बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. शक्यता आहे, असं होतं. तीन मुलं कमी आहेत, चौकशी करा, असं होतं.

शिवणाच्या बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसू लागल्या. पुसतच राहिल्या. "माझ्या भाचीच्या जुळ्या आहेत," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं पूर्ण झालीत. गेल्या मंगळवारी मला विचारायला आली होती, मावशी, तुझ्या शाळेत घालू का? मी म्हटलं, कशाला, आमच्याकडे वर्गच बंद होतोय. दुसरीकडे घातल्या तिनं."

गणिताचे सर हळूच म्हणाले, "दोन." त्यांना ते मोठ्यानं म्हणायचं नसावं.

"घातल्या असत्या की नाही कोण जाणे," शिवणाच्या बाई घाईनं म्हणाल्या. "तिचं काही खरं नसतं. रोज नवं काहीतरी डोक्यात…"

वही फिरली. बारा सह्या झाल्या. 'ब'च्या बाईंनी शेवटची सही केली, मुलांना कित्ता घालून द्यावा तशा गोल अक्षरात.

त्या आपली पिशवी घ्यायला वर्गात गेल्या तेव्हा मी मागोमाग गेले. मुलं खेळाच्या तासाला मैदानावर होती. भिंतीवर कमरेच्या उंचीला एकोणतीस दप्तरं लटकत होती.

"तुम्हीही ती पट्टी बघितली होती?"

"हो. पहिल्याच सोमवारी. माझ्याकडे वही शेवटी येते ना. तोवर कागद बोटांनी मऊ झाला होता."

"मग मला का नाही विचारलंत?"

"विचारायलाच आले होते." त्यांनी खुंट्यांकडे पाहिलं. "तुम्ही सही केलीत. म्हटलं, बंद होणाऱ्या वर्गात कुणी खुंट्या ठोकत नाही. मोठ्या बाईंनी काहीतरी मार्ग काढलाय. तुम्ही आमच्यापासून काही लपवाल, हे डोक्यातच आलं नाही."

मला बोलायचं होतं. माफी मागायची होती, निदान साहेबांचा फोन तरी सांगायचा होता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा झाले होते, आणि नवी शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती.

"मुलं येईपर्यंत थांबू का?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच मान हलवली. "नको. मला बघून रडतील. आणि मी…" वाक्य अर्धं टाकून त्यांनी पिशवी खांद्याला लावली. दारातून वळून म्हणाल्या, "खडूचा डबा कपाटावर आहे. मुलांच्या हाताला लागू देऊ नका, एक जण खातो."

दुपारी मी आणि मामांनी एकोणतीस मुलं, दोघादोघांचे हात धरायला लावून, 'अ'च्या वर्गात नेली. बाकावर तिघं होती तिथं पाच बसली. दप्तरं पायाशी, एकावर एक. "आमच्या बाई कुठंत?" एकानं विचारलं. मामा म्हणाले, "कामाला गेल्यात." त्या मुलाला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'अ'च्या वर्गाच्या दारात उभी राहिले. 'अ'च्या बाई माझ्याच वयाच्या, शिकवण्यात तरबेज. घाम पुसत हजेरी घेत होत्या. एकोणसाठ नावं. चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्याला गोंगाट वाढला, त्यांनी टेबलावर पट्टी आपटली आणि पुढचं नाव घेतलं. उत्तर आलं नाही. पुन्हा घेतलं. चौथ्या रांगेत, एका थोराड मुलाच्या मागं, डावं बोट वर गेलं होतं. ताठ. पुढून दिसण्यासारखं नव्हतं.

"गैरहजर," त्या म्हणाल्या आणि पेन टेकवलं.

"आहे ती!" मी दारातून म्हणाले. "बोलत नाही, पण बोट वर करते. डावं."

सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघू लागला. बोट खाली गेलं.

'अ'च्या बाईंनी हजेरीपटावरची खूण खोडली. त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलंच नाही."