सुकी जुडी, ओली जुडी

दोष काढणाऱ्या महाराजांच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. काल महाराजांनी तुरेदार गवताची जुडी शिंपीकाकांच्या तोंडाभोवती फिरवली, तेव्हा काकांना सात शिंका आल्या होत्या. "दोष असल्याशिवाय शिंक येत नाही!" महाराज म्हणाले होते. आज तीच जुडी बादलीत बुचकळून 'शुद्ध' केली आणि फिरवली. एकही शिंक नाही! गर्दीने हात जोडले.

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "बघ. आणि तू पोरीला पंप ओढायला लावतेस."

माझी लेक सहा वर्षांची. गवत फुलोऱ्यावर आलं की तिची छाती भरते. तिचा दम्याचा पंप तीन दिवसांपासून सापडत नव्हता. औषधाने दोष आत कोंडतो, असं महाराज सांगत.

तिच्याभोवती नवी, सुकी जुडी फिरली. शिंका, खोकला, मग छातीतली ती शिट्टी.

"निघतोय, निघतोय!" महाराज खूश.

"आई, पंप कुठंय?" मी सासूबाईंना विचारलं.

"अगं, निघतोय म्हणताहेत ना..."

"पंप द्या!"

तो सासूबाईंच्याच पिशवीतून निघाला. म्हणजे महाराजांवर पुरता भरवसा त्यांचाही नव्हता. शिट्टी उतरेपर्यंत मी श्वास मोजत बसले. लेकीच्या निळ्या स्वेटरवर पिवळी भुकटी पसरली होती. कॉलेजात हीच भुकटी मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती.

"हिला घेऊन बाहेर थांबा," मी सासूबाईंना म्हटलं आणि ती सुकी जुडी उचलली.

"काका, तुमचा दोष गेला ना?"

"साफ गेला, पोरी."

मी जुडी त्यांच्यासमोर झटकली. आठ शिंका!

"हे मागच्या कुंपणावरचं तण आहे," मी म्हटलं. "तुऱ्यांतले पराग उडतात, आणि ज्याला ते सोसत नाहीत तो शिंकतो. जुडी भिजवली की पराग उडत नाहीत. एवढाच यांचा मंत्र."

"दोष परत शिरला! या बाईने शिरवला!" महाराज ओरडले.

"मग मी काय जन्मभर बादलीत मुंडकं घालून हिंडू?" काका नाक पुसत उठले. त्यांच्यामागून आणखी चौघं उठली. बाकीची रांग जागची हलली नाही, उलट रिकाम्या जागेत पुढे सरकली.

तिथून थेट दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "पंप द्यायला अजून थोडा उशीर झाला असता तर..." पुढचं त्यांनी लेकीसमोर बोलायचं टाळलं. सासूबाई भिंतीकडे बघत होत्या.

शिंकणाऱ्याच्या अंगात कुठला दोष बसलेला नसतो. आधी खिडकीबाहेर काय फुललंय ते बघा, मग डॉक्टरांकडे जा. आणि श्वासाचं औषध कधीही लपवू नका. माझी लेक वाचली, ती केवळ लपवणारीनेच ते बरोबर आणलं होतं म्हणून.