कप्तानचं लहानपण

त्या वृद्ध नटाचे, आमच्या सरांचे, माझ्यावर उपकार आहेत, हे मी आधीच सांगून टाकते. दोन वर्षं माझ्या हाताला काम नव्हतं; निर्मात्यांच्या कचेऱ्यांतले सोफेदेखील मला ओळखू लागले होते. अशा वेळी एका वाहिनीने 'कप्तान'च्या बालपणावर आणि तरुणपणावर मालिका काढायची ठरवली, आणि लेखिका म्हणून माझं नाव सरांनीच लावून धरलं. कप्तान म्हणजे सरांनी सहा चित्रपटांत रंगवलेला, हरवलेली शहरं शोधत दोरांना लोंबकळणारा धाडसी वीर. तो आला कुठून, हे मात्र एकाही चित्रपटात सांगितलेलं नव्हतं. ते मी लिहायचं आणि प्रत्येक भागाचं निवेदन सरांनी करायचं, असं ठरलं.

दर बुधवारी दुपारी मी त्यांच्या घरी जाऊन नवा भाग वाचून दाखवी. सर अनाथाश्रमात वाढलेले. सातव्या वर्षाआधीचं त्यांना काहीच आठवत नसे. "आमची पाटी कोरी, लेखिकाबाई," ते हसून म्हणत. "तुम्ही लिहाल ते आमचं लहानपण."

पहिल्या भागात छोटा कप्तान पलंगाखाली लपतो, असं मी लिहिलं होतं. डोळे मिटून ऐकता ऐकता सर हळूच म्हणाले, "पलंगाखाली नाही. आईच्या शिवणयंत्राखाली. ती यंत्र चालवी तेव्हा दोऱ्यांचे तुकडे माझ्या केसांत पडत."

मी लगेच बदल केला. तो भाग दाखवला गेला त्या दिवशी दादाचा फोन आला. "यंत्राखाली तू बसायचीस, ते घातलंस होय? आई सारखी डोळे पुसत होती."

"मी? मी कधी बसले?"

"झालं! आत्तापासूनच विसराळूपणा," दादा हसला.

मीही हसले. पण फोन ठेवल्यावर आईची शिवणाची खोली आठवून पाहिली, तर यंत्राखाली आमच्या मालिकेतला बालकलाकार बसलेला दिसला, आणि खिडकीतून येणारं ऊन आमच्या छायाचित्रकाराने लावलेल्या दिव्याचं होतं.

मग तसं दर बुधवारी होऊ लागलं. मी वाचायला लागले की सरांना काहीतरी आठवे: तापात कपाळावर ठेवलेला थंड चमचा, जिन्याची मोडकी पायरी, बापाच्या कोटाला येणारा लाकडाच्या भुशाचा वास. मालिका गाजली. सरांच्या पत्नी माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, "चाळीस वर्षांत यांना इतकी शांत झोप कधी लागली नव्हती. तुमचं ऋण कसं फेडावं, कळत नाही." दादा मात्र दर भागानंतर 'हेही तुझंच ना?' असं विचारायला फोन करी; मला ते आठवत नसे, आणि दर वेळी तो थोडा कमी हसे.

मला थांबता आलं असतं. एकदा वही मिटून मी सरांना विचारलंही, "हे तुम्हाला कुठून आठवतं?"

"ठाऊक नाही हो. तुम्ही वाचता आणि दार उघडतं." त्यांचे डोळे भरून आले होते. मला संकटात हात देणाऱ्या माणसाच्या तोंडावर ते दार मी कसं लावणार? मी वही पुन्हा उघडली.

शेवटचा भाग ऐकून झाल्यावर ते थोडे खट्टू झाले. "आई मला लाडाने काय हाक मारायची, ते राहिलं."

"मला माहीत नाही," मी म्हणाले. आणि ते खरं होतं.

त्या भागाच्या खास खेळाला दादा आईला घेऊन आला. माझी आई सरांपेक्षा दोन वर्षांनी लहान. दिवे लागले तेव्हा ती उठून सरळ पहिल्या रांगेकडे गेली आणि सरांच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत त्यांच्या कानाशी वाकून एक शब्द म्हणाली. सर लहान मुलासारखे हसले. मला तो शब्द ऐकू आला नाही. दादा खुर्च्यांच्या रांगेत तसाच उभा होता; तो माझ्याकडे बघायचं टाळत होता.

मग आई माझ्यासमोर आली आणि तिने हात जोडले.

"तुम्हीच ना लेखिका? फार उपकार झाले तुमचे. याचं लहानपण किती मायेने लिहिलंत! तुमच्या आईला केवढं कौतुक वाटत असेल." तिने माझ्या मागे पाहिलं. "त्या नाही आल्या?"

मी मान वळवून दाराकडे पाहू लागले.