चौदा जणींची जीप

तो फोटो मी काढला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे दोष कुणाला द्यायचा ते शोधत बसायला नको.

फोटोत रहीमचाचांची जीप आहे आणि जीपमध्ये चौदा मुली. चौघी मागच्या फळीवर उभ्या, एक जण खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर, आणि सगळ्यांच्या तोंडावर हसू. मागे सातपुडा. ऊन असं पडलंय की वाटावं कुणी मुद्दाम पाडून घेतलंय. मला त्या फोटोचा फार गर्व होता. आता मोबाइलमध्ये तो समोर आला की मी पटकन पुढे सरकते.

आम्ही तिघांनी जळगावच्या विद्यापीठातून समाजकार्याची पदवी घेतली. मी पिंप्राळ्याची, चेलना. वडिलांचं कापडाचं दुकान. शेहजाद शिरपूरचा, त्याचे वडील विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देतात. तिसरी दिपमाला. ती मध्येच तलाठ्याची परीक्षा पास होऊन गेली. तिने शहाणपणा केला, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उरलो शेहजाद आणि मी. शिरपुरात मी एक खोली घेतली, आणि आम्ही वडाळपाड्याला जायला लागलो.

वडाळपाडा शिरपूरपासून बावीस किलोमीटर, डोंगराच्या अंगाला. एसटी फाट्यावरून जाते आणि फाटा गावापासून सहा किलोमीटर. गावातली शाळा दहावीपर्यंत. दहावी झालेली मुलगी अकरावीला शिरपूरला जात नसे, कारण जायला काही नव्हतंच. मुलगे सायकली मारत जायचे, कुणाच्या मोटरसायकलवर लटकायचे. मुली कापूस वेचायला.

आम्हाला शिकवलं होतं की लोकांसाठी काही करायचं नाही, लोकांबरोबर करायचं. हे वाक्य माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की पहिले तीन महिने आम्ही गावात नुसत्या बैठका घेतल्या. कुणालाही वगळायचं नाही, कुणालाही मागे ठेवायचं नाही, ठरेल ते सगळ्यांनी मिळून. लोक कंटाळून जांभया द्यायचे, तरी आम्ही सगळ्यांचं मत विचारायचो. शेहजाद म्हणायचा, "चेलना, अगं लोकांना झोपू दे." मी ऐकायची नाही.

त्या बैठकांतून आम्हाला चारुलता सापडली. तोताराम आणि ताईबाईंची मुलगी. दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के मिळवून दोन वर्षं घरी बसलेली. तिला नर्स व्हायचं होतं. का, तर गावात येणारी नर्स स्कूटीवर यायची आणि परत जाताना कुणाची परवानगी मागायची नाही. एवढं साधं कारण होतं. मला ते फार आवडलं.

तोतारामभाऊंची एकच अट. "शिकाले मना नकार नही. पन दिन बुडाना पहिले पोर घर दिखाले जोयजे." दिवस मावळायच्या आत मुलगी घरी दिसली पाहिजे, म्हणजे वसतिगृह बाद. रोज जायचं, रोज यायचं.

आम्ही बसची मागणी करायला एसटीच्या कार्यालयात गेलो. तिथले साहेब म्हणाले, आधी प्रवासी दाखवा. रोजचे बारा-पंधरा प्रवासी असतील तर फेरी सुरू करता येईल, चार मुलींसाठी गाडी डोंगरात कशी पाठवायची? बोलणं अगदी गोड होतं. आणि खोटंही नव्हतं.

मग प्रवासी जमवायचे ठरलं. ते आम्ही जमवले असं अहवालात लिहिलंय, पण ते खरं नाही. ते चारुलताने जमवले. ती एकटी घरोघर गेली. आम्ही गेलो की आया डोक्यावर पदर घेऊन "बरं बरं" म्हणायच्या आणि विषय संपायचा. ती गेली की चुलीपाशी बसायची, भाकरी थापू लागायची आणि मग बोलायची. तीन-तीन वर्षं घरी बसलेल्या मुली तिने बाहेर काढल्या. मी सोबत आहे, मी सांभाळीन, असं प्रत्येकीच्या आईला सांगितलं. तेरा जणी झाल्या, ती चौदावी. जूनमध्ये चौदा जणींनी एका दिवशी अकरावीला नाव घातलं. कॉलेजातल्या लेखनिकबाई म्हणाल्या, "काय हो, वरात आणली का?"

चौदा नावं जोडून एसटीला अर्ज दिला, आणि बस येईपर्यंत जीप करू, असं बैठकीत ठरलं. रहीमचाचा शेहजादच्या गल्लीतले. जुनी जीप, नऊ माणसांची. घरटी थोडं थोडं जमा करून डिझेल निघालं. चाचा सकाळी सात वाजता गावात, संध्याकाळी पाचला परत. जागा कमी होती, पण दोन फेऱ्यांचं डिझेल परवडत नव्हतं आणि चौदांतल्या पाच जणींना घरी बसा असं सांगणार कोण? वगळायचं नाही हा आमचाच नियम. मग बसल्या दाटीवाटीने.

दीड वर्ष ती जीप चालली. अकरावी झाली, बारावी सुरू झाली. एकही जण नापास नाही. गावात मला चहा नको म्हणायची सोय राहिली नव्हती. तो काळ इतका चांगला होता की त्याबद्दल फार लिहायचंच नाही असं मी ठरवलंय, मला रडू येतं.

दिवाळीनंतर विद्यापीठाच्या एका कार्यक्रमात आम्हाला सन्मानचिन्ह मिळालं. त्यासाठी यशोगाथा लिहून द्यायची होती. दोन वर्षं आम्हाला अहवाल लिहायलाच तर शिकवलं होतं! मी एका दमात लिहून काढली. तिचं शेवटचं वाक्य असं: 'आज वडाळपाडा कुणाच्याही मदतीची वाट पाहत नाही, गावाने आपला प्रश्न आपणच सोडवला आहे.' शेहजादने वाचलं आणि म्हणाला, "भारी." वर तो फोटो जोडला. पेपरात अर्धं पान आलं. पप्पांनी कात्रणाला चौकट करून दुकानात लावली, साड्या बघायला आलेल्या बायकांना आधी ती दाखवायचे आणि मग साड्या.

पाचव्या दिवशी हायवेवर आरटीओने चाचांची जीप अडवली. अडवणाऱ्याच्या हातात पेपर नव्हता, पण मोबाइलमध्ये फोटो होता. तो माणूस उर्मट नव्हता. चाचांना म्हणाला, मोजा तुम्हीच. नऊ माणसांच्या खासगी गाडीत चौदा कॉलेजच्या मुली, दीड वर्ष, आणि तुम्ही ते छापून आणता? उद्या गाडी उलटली तर?

मी त्याच्याशी भांडायला गेले होते. पण त्याचा हा शेवटचा प्रश्न ऐकून दंड कुठे भरायचा एवढंच विचारलं आणि परतले.

जप्त केलेली जीप पंधरा दिवसांनी सुटली, पण चाचा सुटले नाहीत; पुन्हा मुली भरल्या तर लायसन्स रद्द, अशी ताकीद होती. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. "बेटी, लायसन्स गया तो मैं क्या करूँगा? मुझे माफ कर." माफी खरं तर मी मागायची, ते मागत होते. शेहजादने आणखी सहा जीपवाल्यांना विचारलं. सगळ्यांना ती बातमी पाठ होती.

आता बस आणू, म्हणून आम्ही एसटीच्या कार्यालयात धावलो. चौदा जणींच्या सह्या, गावाचा ठराव, कॉलेजचं पत्र, सगळं घेऊन. साहेबांनी आमची आधीची फाइल काढली. तिला वरच्या कार्यालयातून उत्तर आलं होतं. सदर गावातील विद्यार्थिनींच्या वाहतुकीची पर्यायी व्यवस्था गावपातळीवर उपलब्ध असल्याने फेरी सुरू करण्याची आवश्यकता दिसून येत नाही. सोबत आमचं कात्रण. माझ्या शेवटच्या वाक्याखाली कुणीतरी पट्टीने सरळ लाल रेघ मारली होती.

"साहेब, ते मी लिहिलंय. ते चुकीचं आहे," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही शिकलेली माणसं. चुकीचं कशाला लिहाल?" ते चिडवत नव्हते, हीच तर पंचाईत. नवीन अर्ज द्या म्हणाले. पाहणी होईल, अहवाल जाईल, चार-सहा महिने धरा. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत होती.

कॉलेजने त्यातल्या त्यात सोय केली. जानेवारीअखेर हजेरी आणि प्रयोगवही पूर्ण करणाऱ्या मुलीला परीक्षेला बसू देऊ. त्यापलीकडे त्यांच्याही हातात काही नव्हतं.

मुली चालत फाट्यापर्यंत जाऊ लागल्या. रोज दोन आया सोबत, पाळीपाळीने. आम्ही पाळ्यांचा तक्ता केला, त्या तक्त्यातच आम्ही पटाईत. पण दिवस कापूस वेचणीचे होते. वेचणी सोडून बाई फाट्यावर किती दिवस जाईल? आठव्या दिवशी आया नव्हत्या, आणि दोन मोटरसायकलवाल्यांनी मुलींची वाट अडवली. काही केलं नाही, नुसते फेऱ्या मारत राहिले आणि हसत राहिले. तेवढं पुरेसं झालं. नवव्या दिवशी कुणी निघालंच नाही.

शेहजादकडे मोटरसायकल आहे. ती काढू का, असं त्याने मला विचारलंसुद्धा नाही. गावातली मुलगी त्याच्या मागे बसली तर काय काय उठेल हे त्याला माझ्याहून जास्त कळत होतं. तो फक्त म्हणाला, "तुझी स्कूटी आहे."

माझ्या स्कूटीवर एकच मुलगी बसणार. एकच असेल तर ती चारुलता, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. ताईबाईंना सांगितलं तर त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. चार दिवस मी पहाटे शिरपूरहून निघून तिला घ्यायला गेले. थंडी मी म्हणत होती. पहिल्या दिवशी ती मागे बसून बोलत होती. दुसऱ्या दिवशी कमी. चौथ्या दिवशी एक शब्द नाही. हातपंपावर जीपमधल्या बाकीच्या मुली उभ्या होत्या, आम्ही जवळून गेलो तर त्यांनी हंड्यांकडे बघितलं.

पाचव्या दिवशी ती दाराशीच उभी राहिली. केस विंचरलेले, पण खांद्याला दप्तर नाही.

"चल, उशीर होतोय."

"मी नही येस, ताई."

ताईबाई चुलीपासून उठून आल्या. "तू सांग तिले. मनं नही आयकस. तुनं आयकस ती." आत तोतारामभाऊ बसले होते. पोरगी कॉलेजात जात नसेल तर तिला बघायला पाहुण्यांना बोलवायचं, हे त्यांनी बायकोला सांगून झालं होतं. ते मला ताईबाईंनीच आदल्या दिवशी सांगितलं होतं.

मी स्कूटी उभी केली. तिच्यासमोर गेले आणि दोन वर्षं बैठकांत जे जे बोलले होते त्याच्या नेमकं उलटं बोलायला लागले. म्हटलं, बाकीच्यांचं सोड. प्रत्येकीला आपापलं बघावं लागतं. सगळ्या बुडाल्या म्हणून तू बुडलीस तर कुणाचं भलं होणार? एक जण तरी पुढे गेली पाहिजे. तू नर्स झालीस तर उद्या त्यांच्याच मुलींना उपयोग होईल. मी फार छान बोलत होते. मला बोलता येतं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि प्रत्येक वाक्याला मला माझीच लाज वाटत होती.

चारुलताने सगळं ऐकून घेतलं. तिने आवाज चढवला नाही, ती रडलीही नाही.

"हाई पहिले सांगतात, ताई, ते मी कोनाच घर जाती नही," ती म्हणाली. "त्यासनी माय तुमना तोंडकडे देखीसन नही, मना तोंडकडे देखीसन धाडेल व्हती. आते मी एकली गाडीवर बसीसन त्यासना दारवरथून कशी जाऊ?"

प्रत्येकीने आपापलंच बघायचं होतं, तर ती कुणाच्या चुलीपाशी बसलीच नसती. मी ताईबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

मी जानेवारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत रोज गेले. रोज स्कूटी दारात लावायची, हॉर्न वाजवायची नाही, सव्वासातपर्यंत थांबायचं. ती मला चहा आणून द्यायची. चहा पिऊन मी परत फिरायची.

एकतीस तारखेला कॉलेजात गेले. लेखनिकबाईंनी यादी पुढे ओढली, चष्मा लावला.

"चौदांपैकी किती लिहू? एखादी तरी आली असेल ना?"

"एकही नाही," मी म्हटलं.

त्यांनी पट्टी घेतली आणि एकेक नाव खोडायला लागल्या. चारुलताचं नाव सातवं होतं. मी शेवटच्या नावापर्यंत तिथे उभी राहिले, कारण मधूनच निघून जाणं मला जमलं नाही.