शिशाचे तीन तुकडे

"गेली! पुन्हा गेली!"

तळहाताएवढी रॅली गाडी तिसऱ्या वळणावर ट्रॅकच्या खाचेतून निसटली आणि पलंगाच्या पायाला आपटून उलटी पडली. उस्तादांनी ती परत खाचेत ठेवून फेरी पुरी केली.

"एकोणीस सेकंद. अधिक पडल्याचे पाच," बायकोने वहीत लिहिलं.

"ते पाच कशाला धरतेस? हा सराव आहे."

"रविवारी क्लबातल्या शर्यतीत ते पाच सोडणार आहेत का तुम्हाला?"

उस्ताद पुन्हा गाडीवर वाकले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला एक खेळण्यातली गाडी जुमानत नव्हती. सकाळपासून त्यांनी मागचे टायर घासून गोल केले, ट्रॅकमधून वीज घेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या बदलल्या, तरी तेच. मग गाडी जमिनीला धरून राहावी म्हणून तळाशी शिशाचा तुकडा चिकटवला. मग दुसरा. जेवणानंतर तिसरा. गाडी जड झाली, मंद झाली आणि तरीही पडायची ती पडतच राहिली.

"आता हिला डॉक्टरला दाखवायचं तेवढं राहिलंय," बायको म्हणाली.

"टोमणे कळतात मला."

"टोमणा नाही. तुमच्यासाठी मंगळवारची वेळ घेतलीय. तिसऱ्यांदा."

"अगं, गाडीत खोट आहे! विश्वास नाही ना? धर, चालव तू. म्हणजे कळेल किती आडमुठी आहे ती."

या छंदाच्या बारा वर्षांत त्यांची गाडी दुसऱ्या कुणी चालवली नव्हती. बायकोने चष्मा पुसला, कंट्रोलर हातात घेतला आणि वेग कमी-जास्त करणाऱ्या घोड्यावर बोट ठेवलं. उस्तादांनी स्टॉपवॉच उचललं. पहिल्या फेरीत ती चाचपडली. दुसरीत वळणाआधी बोट अलगद सैल केलं, वळण संपता संपता पुन्हा दाबलं. तिसरी फेरी, चौथी, पाचवी. गाडी एकदाही पडली नाही.

"किती?" तिने विचारलं.

शेवटची फेरी सतरा सेकंदांची होती. हातातल्या स्टॉपवॉचची दोरी हलत होती, त्या दोरीकडे ते बघत राहिले. खोलीतला पंखा बंद होता.

"जड वाटते हो," बायको हळूच म्हणाली. "वळणातून निघताना वेग उचलत नाही."

"शिसं आहे ना. ते माझ्या..." ते थांबले. "तुला नको ते."

त्यांनी गाडी मांडीवर उलटी घेतली, पातळ पातं काढलं.

"रविवारी तुझं नाव देतो."

"काहीतरीच! आणि तुम्ही?"

"मी घड्याळ धरीन. आणि मंगळवारी... बघू."

पहिला तुकडा निघाला. दुसरा निघाला. तिसरा घट्ट बसला होता. पातं पुन्हा पुन्हा कडेवरून घसरत होतं. बायकोने वही बाजूला ठेवली, त्यांच्यासमोर बसली आणि दोन्ही हातांनी गाडी स्थिर धरली.