वाटी कोण चालवतं?

खैरवाडीत त्या सकाळी घरोघरच्या चुली थंड होत्या आणि भामाईच्या देवळापुढे मात्र तीन दगडांवर कढई चढली होती. वाटी चालली होती! पोरं झाडावर, बाया पारावर, म्हातारे भिंतीला टेकून. ज्याला जागा मिळाली नाही तो दुसऱ्याच्या खांद्यावर. चाकणचा बाजार बुडाला तरी चालेल, पण हे बघायचं चुकायला नको होतं.

चालती वाटी ज्याने पाहिली नसेल त्याला सांगितलं पाहिजे. काशाची वाटी जमिनीवर पालथी घालायची. पायाळू माणसाने, म्हणजे आईच्या पोटातून जो पायांनी बाहेर आला त्याने, तिच्या बुडावर दोन्ही तळहात टेकायचे. देवरुष्याने मंतरलेले तांदूळ मारायचे. मग वाटी सरकू लागते, पायाळूला ओढत नेते आणि चोराच्या दारात जाऊन थांबते. वाटीला ना डोळे ना पाय, तिला चोराचं घर कोण सांगतं, ही शंका खैरवाडीत कुणाला आली नव्हती.

गावात पायाळू एकच, भैरू लोहार. तिशीचा गडी. घण मारून मारून त्याचे हात असे झाले होते की लोक लांबूनही त्याला हातांवरून ओळखत. या हातांचा त्याला फार अभिमान होता. नांगराचे फाळ काय, कुणीही लोहार घडवील. पण देवी ज्याच्या हातात येते असा लोहार पंचक्रोशीत दुसरा नव्हता. आणि खरंच सांगायचं तर भैरू लबाड नव्हता. वाटी आपल्याला ओढते हे तो पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगायचा, आणि त्यात कणभर खोटं नव्हतं. त्याला तसंच वाटत होतं.

आदल्या दिवशी देवीचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाला होता. सकाळी आबाजी देवरुषी आला. कपाळाला मूठभर शेंदूर, गळ्यात कवड्या, आणि तोंड असं की दळत असलेलं जातं थांबेल पण ते थांबायचं नाही.

"हुश्श! आली, आली माय! अठरा पगड जातीची, बारा वाटांची! कुठं निघालीस गं माये? वरल्या आळीला? न्हाई? मग खालच्या अंगाला? हां, खालच्या अंगाला! चल, चल! पानी वलांडतीस? परमुलखाचा वास येतोय तुला?"

भैरू वाटीमागे रांगत होता. गुडघे सोलले होते. वाटी खालच्या आळीला वळली, ओढा ओलांडला आणि एका झोपडीच्या उंबऱ्याला जाऊन थडकली. झोपडी रंगरावची. हा मोगलाईकडचा, म्हणजे जुन्या निजामी मुलखातला माणूस, लातूरच्या बाजूचा, विजेचे खांब उभे करायच्या कामावर बायकोसह आलेला. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना झाला होता, आता तारा चाकणकडे येणार होत्या, आणि खैरवाडीच्या शिवारात खांबांसाठी खड्डे पडत होते.

पुढचं सगळं पापणी लवायच्या आत झालं. रंगराव दारात आला तोच त्याच्या तोंडावर काठी बसली. दात तुटून उंबऱ्यावर पडला. कुणी पोटात लाथ घातली, कुणी पाठीत दगड. तो जमिनीवर हात टेकून उठायला गेला तर एकाने वहाणेसकट बोटांवर पाय दिला, आणि बोटं मोडल्याचा आवाज भैरूने ऐकला. बायको, सावित्रीबाई, मध्ये पडली. तिला दोघींनी केसांना धरून बाजूला ओढलं.

"मालक, म्या देवळाकडं गेलोच नाई हो," रंगराव रक्त थुंकत म्हणाला. "लेकराची आन."

"देवी खोटं बोलती व्हय रं?" गर्दीतून आवाज आला, आणि पुन्हा काठी बसली.

त्याला फरफटत देवळापुढे आणलं. आता दिव्य व्हायचं होतं. उकळत्या तेलात हात घालायचा. खरा असला तर भाजणार नाही, चोर असला तर भाजेल. आजवर न भाजलेला हात कुणी पाहिला नव्हता, पण त्याचा अर्थ गावाने एवढाच काढला होता की देवीने आजवर एकही चोर सोडला नाही. गेल्या वर्षी बैल चोरीला गेला तेव्हा वाटी शालनबाईच्या दारी गेली होती. त्या विधवेचा उजवा हात कोपरापर्यंत सोलून निघाला. बैल पुढे नदीपलीकडे चरताना सापडला. तेव्हा आबाजीने सांगितलं की बाईच्या मनात चोरी होती, आणि गावाने मान डोलावली.

"भैरू, मनगट धर ह्येचं," आबाजी म्हणाला. "तुझ्या हाताचा देवीला इटाळ न्हाई."

भैरूने रंगरावचं मनगट धरलं. मोडकी बोटं लटकत होती. लाकडं ओली होती म्हणून तेल तापायला वेळ लागत होता, आणि तेवढ्या वेळात शाळेतून कुसुमताई धावत आल्या. गावातल्या एकशिक्षकी शाळेच्या या बाई पुण्याहून आलेल्या होत्या. पदर खोचलेला, बोटांना खडू. त्या सरळ कढई आणि रंगराव यांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"दौलतराव पाटील," त्या म्हणाल्या, "या माणसाचा हात भाजला तर खेडहून फौजदार येईल. तो देवीचं नाव लिहून घेणार नाही. तुमचं घेईल."

दौलतरावांनी मिशीवरचा हात खाली घेतला. "बाई, न्याय देवीचा हाय. वाटी आमी चालवली न्हाई."

"मग कोणी चालवली तेच पाहू. वाटी खरी असेल तर पुन्हा चालेल. तेल तापेस्तोवर वेळ आहे."

"बाईमानसानं देवीची परीक्षा बगायची!" आबाजी किंचाळला. "कोप हुईल! पटकी यील! गाभन म्हशी टाकतील!"

"वाटीला मी हात लावणार नाही. भैरूच लावील. एवढ्याने देवी कोपत असेल तर सकाळीच कोपली असती."

पाटलांना फौजदार दिसत होता. त्यांनी मान हलवली. बाईंनी एका मुलाला पाठवून शाळेतल्या टेबलाच्या खणातून एक वस्तू मागवली. ती त्यांनी बरेच महिने तयार ठेवली होती. गावात आल्या दिवशी त्यांनी शालनबाईचा हात पाहिला होता आणि त्या रात्री त्यांना जेवण गेलं नव्हतं.

वस्तू साधी होती. पुठ्ठ्याचे दोन तुकडे एकावर एक. मधे पाटीवरच्या गोल पेन्सिली आडव्या ठेवलेल्या, म्हणजे वरचा पुठ्ठा खालच्यावर सहज सरकावा. सुटू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी सैलसर बांधलेली. कडेला ज्वारीच्या ताटाची हातभर काडी उभी, दोन्ही पुठ्ठ्यांना टाचणीने टोचलेली. बाईंनी खालचा पुठ्ठा मेणाने वाटीच्या बुडाला चिकटवला.

"भैरू, वरच्या पुठ्ठ्यावर हात ठेव. आता सगळ्यांनी काडी बघा. वाटी भैरूला ओढत असेल तर खालचा पुठ्ठा आधी पुढे जाईल, वरचा मागे राहील, आणि काडी मागे कलेल, भैरूकडे. भैरूचा हात वाटीला ढकलत असेल तर वरचा पुठ्ठा आधी जाईल आणि काडी पुढे कलेल."

"ही कुठली करनी काढलीत?" पाटील म्हणाले.

"ही काढली मायकेल फॅरडेने. शंभर वर्षांपूर्वी, लंडनमध्ये."

"म्हंजी इंग्रजाचं?"

"लोहाराचं," बाई म्हणाल्या, आणि भैरूने मान वर केली. "लोहाराचा मुलगा होता तो. घरात खायची मारामार. शाळा कसली ती नाहीच. पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारीला राहिला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक फिरवलं की वीज निघते, हे त्याने जगाला दाखवलं. हा रंगराव ज्या विजेचे खांब पुरतोय ना, ती त्या लोहाराच्या पोराने शोधलेल्या युक्तीनेच निघते. त्याच्या काळात लंडनच्या मोठमोठ्या साहेबांना वेड लागलं होतं. टेबलाभोवती बसायचे, वर हात टेकायचे आणि टेबल आपोआप फिरायचं. म्हणे भुतं फिरवतात. कुणी म्हणे, ही विजेचीच शक्ती. फॅरडेला विचारायला गेले. त्याने कुणाला लबाड म्हटलं नाही. त्याने हे असं यंत्र केलं आणि टेबलावर ठेवलं."

"मग?" भैरूच्या तोंडून निघालं.

"आता तूच बघ. पण आधी डोळे बांधते."

डोळे बांधले. आबाजीला बाईंनी बोलायला मुभा दिली, आणि मुभा दिली नसती तरी तो गप्प बसला नसता. "चल माये! खालच्या अंगाला चल!" वाटी सरकली. ओढ्याच्या दिशेनेच सरकली. गर्दीने "आई भामाई!" म्हणून गजर केला आणि दुसऱ्याच क्षणी तो घशातच विरला. काडी पुढे कलली होती. चांगली वीतभर.

"पुढं हाय की," झाडावरून एक पोरगं ओरडलं. "भैरूदा ढकलतोय!"

"म्या न्हाई ढकलत!" भैरू ओरडला. "देवाशपथ!"

"खरं बोलतोयस तू," बाई म्हणाल्या. "आता डोळे सोड. काडीकडे बघत राहा, ती सरळ उभी राहील असा हात ठेव. आबाजी, तुम्ही बोला हवं तेवढं."

आबाजी बोलला. घसा बसेपर्यंत बोलला. तांदूळ संपले, शेंदूर उधळून झाला. भैरू काडीकडे बघत होता. हात जरा पुढे जाऊ लागला की काडी कलायची, त्याला दिसायचं आणि तो हात आवरायचा. वाटी जागची हलली नाही. लंडनच्या साहेबांचंही असंच झालं होतं. काडी डोळ्यांपुढे आली आणि टेबलं फिरायची थांबली.

भैरूने हात उचलून चेहऱ्यासमोर धरले. मनात जे असतं तिकडे हात जातो आणि हाताच्या मालकाला पत्ता नसतो. आबाजीने खालची आळी म्हटलं, ओढा म्हटलं, परमुलूख म्हटलं. परमुलखाचं घर गावात एकच होतं. वाटी आबाजीने चालवली नव्हती, त्याने भैरू चालवला होता. आणि गावाचा संशय कुणावर आहे हे त्याने सकाळीच पारावर तंबाखू मळताना विचारून घेतलं होतं. भैरूला ते आता आठवलं.

"मग मुखवटा कुनी न्हेला, बाई?" पाटलांनी विचारलं.

"मला ठाऊक नाही."

चोर कोण ते ठाऊक नाही असं आजवर त्या देवळापुढे कुणी बोललं नव्हतं.

"ठाऊक नाही," बाई पुन्हा म्हणाल्या. "तुम्हालाही नाही. म्हणून शोधायचं, विचारायचं, खेडला वर्दी द्यायची. ठाऊक नसताना माणसाची बोटं मोडायची नाहीत."

पण तापलेली गर्दी आणि तापलेलं तेल, दोन्ही एकदम निवत नाहीत. कुणीतरी ओरडलं, "ह्या आबाज्यानंच आपल्याला फशी पाडलं!" आणि ज्या काठ्या रंगरावच्या पाठीवर पडत होत्या त्याच आबाजीवर पडू लागल्या. कवड्या तुटून पसरल्या. डोकं फुटलं, शेंदूर कुठला नि रक्त कुठलं कळेना. सर्वांत पुढे भैरू होता. त्याने आबाजीची मान एका हाताने आणि मनगट दुसऱ्या हाताने धरलं आणि त्याला कढईशी ओढलं. तेल आता उकळत होतं.

"घाल हात!" भैरूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माज्या हातानं पाप करवलंस! खरा असशील तर भाजनार न्हाई!"

कुसुमताई ओरडत होत्या, पण त्यांचं ऐकतो कोण. आबाजीची बोटं तेलाच्या वाफेत गेली आणि तो जनावरासारखा किंचाळला. तेवढ्यात कढईखालचं लांब लाकूड कुणीतरी ओढून कढईला जोरात हाणलं. कढई उलटली. तेल मातीत सांडलं, धूर उठला, लोक मागे पळाले. लाकूड डाव्या हातात धरून शालनबाई उभी होती. उजवा हात तिच्या अंगाशी वाळून आखडलेला होता.

"सोड त्येला, भैरू."

"वैनी, ह्यानंच तुमचा हात..."

"ठावं हाय मला. माजा हात भाजला म्हनून मी चोर ठरले. आता ह्येचा भाजला की म्हनाल, बगा, लबाड हुता, देवीनं दावलं. आरं, त्येल सगळ्यांनाच भाजतं. त्येला खरं-खोटं काय कळतंय?"

भैरूच्या हातातून मनगट सुटलं. तो तिच्या पायांशी बसला. माफी मागायला त्याचं तोंड उघडेना, आणि तिनेही ती दिली नाही. एवढंच म्हणाली, "तो मोगलाईचा मानूस तिकडं पडलाय. त्येला गाडीत घाल. चाकनला डागदराकडं न्हे."

भैरूने बैल जुंपले. ज्या हातांनी मनगट आवळलं होतं त्यांनीच त्याने रंगरावला उचलून गवतावर निजवलं. सावित्रीबाईने नवऱ्याला त्याचा हात लागू देण्याआधी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, आणि ती नजर भैरूला कुठल्याही काठीपेक्षा जास्त लागली.

वाचकहो, मुखवटा कुणी नेला हे ही गोष्ट सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. पण एवढं पक्कं ठाऊक आहे की तुमच्या गावातही अशी एखादी वाटी असेल. तिच्यावर टेकलेले हात बहुधा प्रामाणिकच असतील, आणि म्हणूनच त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आधी एक काडी उभी करा आणि ती कुठे कलते ते पाहा. ती सांगेपर्यंत कुणाच्या अंगाला हात लावू नका.